डिस्चार्ज कार्डावरचे शब्द : मेंदूचे, नसांचे आणि मनाचे आजार

निशिगंध

मी एका सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक आहे. वॉर्डातला राउंड संपला की नातेवाईक माझ्या टेबलाशी येऊन बसतात. एका हातात डिस्चार्ज कार्ड, दुसऱ्या हातात एमआरआयचं मोठं पाकीट. "मॅडम, डॉक्टर काय म्हणाले ते जरा समजावून सांगा." डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, बऱ्याचदा नीट सांगितलेलं असतं. पण घाबरलेल्या माणसाच्या कानावर एकामागून एक अनोळखी शब्द पडले की त्यातला एखादाच डोक्यात राहतो. घरी गेल्यावर जो तो त्याचा आपापल्या परीने अर्थ लावतो, आणि गोळ्या चालू ठेवायच्या की बंद करायच्या हे त्या अर्थावर ठरतं. हे थांबावं असं फार वाटतं, म्हणून हा धागा. इथे डॉक्टर आहेत, औषध दुकानवाले आहेत, घरात आजारपण काढलेले तर बरेच आहेत. सगळ्यांनी भर घाला.

सुरुवात 'नस' या शब्दापासून करते. नस चढली म्हणतो तेव्हा पोटरीच्या स्नायूत गोळा आलेला असतो. नस दबली म्हणतो तेव्हा मणक्यातून निघणारा मज्जातंतू दाबला गेलेला असतो. सलाइन लावायला नस सापडत नाही, ती शीर. आणि डोक्याच्या नसेत गुठळी झाली म्हणतात ती मेंदूची रक्तवाहिनी. चारही ठिकाणी शब्द एकच, उपचार मात्र पार वेगळे. एक मुलगा वडिलांना घेऊन आला होता, "मानेची नस ब्लॉक आहे" म्हणाला, आणि गावातल्या एकाकडून मान चोळून घेत होता. कार्डावर लिहिलं होतं कॅरोटिड स्टेनोसिस, म्हणजे मेंदूला रक्त नेणारी मानेतली धमनी अरुंद झालेली. ती चोळणं जिवावर बेतू शकतं. त्यामुळे डॉक्टरांनी नस म्हटलं की लगेच विचारा, रक्ताची नस की संवेदनेची? एवढ्यानेच निम्मा घोळ मिटतो. मज्जासंस्था, म्हणजे मेंदू, मज्जारज्जू आणि संवेदनेच्या नसांचं जाळं, म्हटलं की काही जणांना हाडातली मज्जा, बोन मॅरो आठवतो आणि कॅन्सरची धास्ती बसते. तिचा इथे संबंध नाही. मुलांच्या शाळेच्या पुस्तकात याच मज्जासंस्थेला चेतासंस्था म्हणतात.

दुसरं, लकवा. आपल्याकडे 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात, अर्धांगवायू म्हणतात, पॅरालिसिसही म्हणतात. या सगळ्यांतून एवढंच कळतं की अंग लुळं पडलंय. का पडलं, ते त्यात नाही. मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली तर तो इन्फार्क्ट. रक्तवाहिनी फुटली तर हॅमरेज. दोन्हींना मिळून स्ट्रोक म्हणतात, पण एकाला दिलेलं औषध दुसऱ्याला घातक ठरतं, म्हणून आधी सीटी स्कॅन. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. 'वारं गेलं' म्हटलं की घरात पहिला विचार मालिशवाल्याचा होतो, कुठे कुठे अजून कबुतराचं रक्त चोळतात, आणि ते साडेचार तास तिथेच संपतात. 'मेंदूचा झटका' म्हटलं तर माणसं गाडी बघतात. माझा आग्रह त्यासाठी आहे.

तोंड वाकडं झालं म्हणजे स्ट्रोकच, असं मात्र नाही. बेल्स पाल्सीत चेहऱ्याची एकच नस सुजलेली असते. तेव्हा त्या बाजूचा डोळा मिटत नाही आणि कपाळाला आठीही पडत नाही. स्ट्रोकमध्ये बहुधा कपाळाला आठ्या पडतात, पण ओठ एका बाजूला ओढला जातो, सोबत हात गळतो किंवा जीभ जड होते. ही माहिती कार्ड वाचण्यासाठी आहे, घरी निदान करण्यासाठी नाही. तोंड वाकडं दिसलं की थेट दवाखाना.

मनाच्या आजारांच्या नावांवर प्रतिसादात लिहिते, इथेच लांबलं.

सातारकर_औषधवाला

निशिगंधताई, धागा काढलात ते फार बरं झालं. काउंटरवर रोजचं आहे हे.

आमच्याकडच्या एका मावशींना नागीण झाली होती. पुरळ सुकलं, पण बरगडीखालची आग जाईना, रात्री लुगड्याचा काठसुद्धा तिथे टेकवून घ्यायच्या नाहीत. डॉक्टरांनी ॲमिट्रिप्टिलिन लिहून दिली, अगदी कमी डोस. नातवाने मोबाइलवर शोधलं तर आलं 'डिप्रेशनची गोळी'. दुसऱ्या दिवशी सगळी पट्टी परत. "आजीला वेडाच्या गोळ्या देताय का?" मी त्याला बसवून सांगितलं की नागिणीने संवेदनेच्या नसा दुखावल्यात, त्या मेंदूला उगाचच दुखण्याचे निरोप पाठवत राहतात, आणि ही गोळी ते निरोप मंद करते. मावशींनी गोळी घेतली आणि त्यांना झोप लागायला लागली.

असं बऱ्याच औषधांचं आहे. ड्युलॉक्सेटिन नैराश्यावर चालते आणि मधुमेहाने तळपाय जळतात त्यावरही. व्हॅल्प्रोएट फिटवर, बायपोलर या मनाच्या आजारावर आणि मायग्रेनवरही. प्रोप्रॅनोलॉल ब्लडप्रेशरची म्हणून प्रसिद्ध, पण हात थरथरणं, अर्धशिशी, परीक्षेआधीची धडधड अशा कशावरही लिहिलेली दिसेल. गोळीवरून आजार ओळखायला जाऊ नका, कार्डावर आजाराचं नाव लिहिलंय ते बघा. आणि फिटच्या गोळ्या एकदम बंद करू नका हो. थांबतच नाही अशी फिट येऊ शकते, रुग्ण आयसीयूत जातो.

अबोली७

माझ्या सासऱ्यांच्या एमआरआयवर 'एज रिलेटेड सेरेब्रल ॲट्रोफी' आणि 'क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस' असं आलंय. वय ७४. डोकं दुखतं म्हणून काढला होता. गूगल केल्यापासून सासूबाई जेवल्या नाहीत. अल्झायमर आहे का हा? खाली 'क्लिनिकल कोरिलेशन' असंही लिहिलंय. कोणी सांगेल का प्लीज?

मेंदूवैद्य

अबोलीताई, आधी सासूबाईंना जेवायला घाला. मी न्यूरोलॉजीत आहे. रिपोर्ट बघितल्याशिवाय तुमच्या सासऱ्यांबद्दल काही सांगणार नाही, शब्दांचा अर्थ सांगतो.

ॲट्रोफी म्हणजे आकसणं. सत्तरी ओलांडलेल्या मेंदूचा आकार थोडा कमी होतो, म्हणून रेडिओलॉजिस्ट 'एज रिलेटेड' असं मुद्दाम लिहितात. 'स्मॉल व्हेसल चेंजेस' म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांच्या आसपास पडलेले पांढरे ठिपके. वय, ब्लडप्रेशर, साखर, तंबाखू यांची ती खूण असते. ब्लडप्रेशर सांभाळलं पाहिजे, हा त्यातला कामाचा निरोप. 'क्लिनिकल कोरिलेशन' म्हणजे "आम्ही फिल्म बघितली, माणूस बघितलेला नाही; ज्यांनी माणूस तपासलाय त्यांनी ठरवावं."

डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, फिल्मवर ठरत नाही. रोजचे व्यवहार जमतात का, यावर ठरतो. पैशाचा हिशेब, ओळखीच्या रस्त्याने घरी परत येणं, चहा करताना पुढची पायरी आठवणं. किल्ली कुठे ठेवली हे विसरलं तर फार काळजी नको, किल्ली हातात घेऊन ही कशासाठी असते असा प्रश्न पडला तर तपासून घ्या. आणि डिमेन्शिया हे एका आजाराचं नाव नाही, अनेक आजारांत दिसणारी ती अवस्था आहे. अल्झायमर हे तिचं सर्वांत जास्त आढळणारं कारण. आलोइस अल्झायमर यांनी १९०६ साली पहिल्यांदा त्याचं वर्णन केलं. पण बी-१२ कमी असणं, थायरॉइड मंद असणं, वयस्कर माणसाचं नैराश्य, यांतही विसराळूपणा वाढतो आणि उपचारांनी तो सुधारू शकतो. शाकाहारी घरांत बी-१२ तपासायला विसरू नका.

धाग्याच्या निमित्ताने आणखी एक. आयसीयूच्या बाहेर 'जीसीएस' ऐकू येतं. ग्लासगो कोमा स्केल. डोळे उघडणं, बोलणं आणि हालचाल यांचे गुण मिळून १५ म्हणजे पूर्ण शुद्ध. मात्र सर्वांत कमी गुण शून्य नसतात, ३ असतात. "पंधरापैकी तीन तरी आहेत ना डॉक्टर" असं नातेवाईक आशेने म्हणतात तेव्हा काय बोलावं ते कळत नाही. हे आधीच नीट समजावून सांगायला हवं, ती जबाबदारी आमची आहे.

अबोली७

खूप खूप आभार. ते सगळे व्यवहार बाबा स्वतः करतात, बँकेतही एकटे जातात. ब्लडप्रेशरची गोळी मात्र मध्येच सोडली होती त्यांनी. डॉक्टरांना सांगते. मोठ्याने वाचून दाखवलं सासूबाईंना.

निशिगंध

आता मनाच्या आजारांकडे येते.

उदास वाटणं आणि नैराश्याचा आजार यांत फरक आहे. जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ, किमान दोन आठवडे मन खिन्न राहणं किंवा कशातच रस न वाटणं, आणि त्याबरोबर झोप, भूक, ताकद, एकाग्रता बिघडणं, हा आजार. 'मेजर डिप्रेशन' लिहिलेलं असलं की माणसं मेजर म्हणजे शेवटची पायरी समजतात. तसं नाही, तो सौम्यही असू शकतो, पुढे माइल्ड की सिव्हिअर ते वेगळं लिहितात.

बायपोलर म्हणजे आज हसला आणि उद्या रुसला असं नव्हे. काही दिवस किंवा आठवडे टिकणारी तेजी, ज्यात झोपेची गरजच वाटत नाही, पैसा उधळला जातो, बोलणं थांबत नाही. त्याला मॅनिया किंवा उन्माद म्हणतात. आणि दुसऱ्या टोकाला नैराश्य. कार्डावर 'सायकोसिस' असेल तर त्याचा अर्थ वास्तवाशी संपर्क सुटणं, नसलेले आवाज ऐकू येणं, कोणीतरी मागावर आहे अशी पक्की खात्री असणं. हे लक्षण आहे. ते स्किझोफ्रेनिया या दीर्घकाळ चालणाऱ्या मनाच्या आजारात येतं, तीव्र बायपोलरमध्ये येतं, दारू एकदम सोडल्यावर येतं, क्वचित मेंदूच्या संसर्गातही येतं. त्यामुळे सायकोसिस वाचून लगेच स्किझोफ्रेनिया धरू नका.

'नर्व्हस ब्रेकडाउन' हे कुठल्याही वैद्यकीय यादीतलं निदान नाही. कोणी तसं सांगितलं तर नेमका आजार कोणता ते विचारा. 'हिस्टेरिया'ही १९८० पासून अमेरिकन वर्गीकरणातून गेलाय, तरी आपल्याकडे बाईला चक्कर आली की अजून तो शब्द निघतो. त्याचा मला संताप येतो.

स्किझोफ्रेनियाला मराठीत छिन्नमनस्कता म्हणतात. हा शब्द मी रुग्णासमोर उच्चारत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं मनाचे तुकडे झाले, आता जोडायला काही उरलं नाही. दुभंग व्यक्तिमत्त्व, एका शरीरात दोन माणसं, हाही गैरसमज त्यातूनच येतो. तो आजार पूर्ण वेगळा.

टोकियोकर

निशिगंधताई, हे वाचून राहवलं नाही. मी बरीच वर्षं जपानमध्ये आहे. इथे स्किझोफ्रेनियाचं जुनं नाव शब्दशः 'मन फुटण्याचा आजार' असंच होतं. म्हणजे आपल्या छिन्नमनस्कतेचा सख्खा भाऊ. दोघांचं मूळ एकच, ऑयगेन ब्लॉयलर या स्विस डॉक्टरांनी १९०८ मध्ये घडवलेला ग्रीक शब्द, त्यात फुटणं आहे. नाव इतकं जड की डॉक्टर ते रुग्णाला सांगतच नसत. रुग्णांच्या कुटुंबांच्या महासंघाने १९९३ मध्ये नाव बदलण्याची मागणी केली, आणि २००२ मध्ये इथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने नवीन नाव स्वीकारलं. त्याचा अर्थ साधारण 'समन्वय बिघडण्याचा आजार'. नाव बदलण्याआधी जेमतेम ३७ टक्के रुग्णांना त्यांचं निदान सांगितलं जात होतं, पुढच्या तीन वर्षांत ते प्रमाण ७० टक्क्यांच्या आसपास गेलं. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये असाच बदल केला. त्यांच्या नव्या नावात तंतुवाद्याच्या तारा जुळवण्याचा अर्थ आहे. तारा पुन्हा लावता येतात, हे नावातच आलं.

शुभंकर_पुणे

टोकियोकर, छान माहिती. पण माझा अनुभव थोडा वेगळा आहे, तो मांडतो.

माझ्या धाकट्या भावाला कॉलेजात असताना त्रास सुरू झाला. पंख्यातून आवाज येतात म्हणायचा. आधीच्या डॉक्टरांनी आम्हाला घाबरवायला नको म्हणून 'टेन्शन' आहे असं सांगितलं. आईने तेच धरलं. टेन्शन तर परीक्षा संपली की जातं. परीक्षा संपली, गोळ्या बंद झाल्या, पावसाळ्यात तो घरातून निघून गेला आणि सापडला तेव्हा ओळखू येत नव्हता. नंतरच्या डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून स्वच्छ सांगितलं, हा स्किझोफ्रेनिया आहे, गोळ्या दीर्घकाळ लागतील, आणि हा काम करू शकेल. आई रडली, पण त्यानंतर एकही गोळी चुकू दिली नाही तिने. आज तो एका छापखान्यात बाइंडिंगचं काम करतो.

म्हणून माझं म्हणणं असं की नाव मऊ करण्याच्या नादात ते लपवू नका. पुण्यात आणि ठाण्यात स्वमदत गटांमध्ये रुग्णाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. मला हे शब्द आवडतात, माझा आयडीही तोच आहे. पण तिथेसुद्धा आजाराचं नाव स्पष्टच घेतात. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, नावातच स्किझोफ्रेनिया आहे. आम्ही तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा भिंतीवरची ती पाटी वाचून आईचा खांदा सैल झालेला मी बघितला.

गोंयकार_माड

शुभंकरदादा, तुमच्या भावाच्या बाबतीत तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण 'टेन्शन' हा शब्द सगळीकडे वाईट नाही. आमच्या गोव्यात संगाथ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांमधून नैराश्य आणि चिंतेवर काम केलं. डॉक्टर नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून. केंद्रावर येणारी बाई डोकेदुखी, झोप नाही, अंगात बळ नाही एवढंच सांगते. तिला पहिल्याच भेटीत मनोरुग्ण म्हटलं की ती पुन्हा फिरकणार नाही. टेन्शनने आलेला आजार म्हटलं की बोलायला लागते.

निशिगंध

दोघांचंही पटतं, पण जिथे गोळ्या वर्षानुवर्षं लागणार आहेत तिथे मी शुभंकरदादांच्या बाजूने आहे. बोलतं करायला टेन्शन चालेल, तिथेच थांबून चालणार नाही.

कोकणकन्या_रत्नागिरी

फिटबद्दल कोणी लिहाल का? माझ्या बहिणीला लहानपणापासून येते. आमच्याकडे कोणी आकडी म्हणतं, कोणी फेफरं, कोणी मिरगी. कार्डावर 'जीटीसीएस' आहे. आता स्थळं बघतायत आणि आई म्हणते काही सांगू नका, लग्न मोडेल, कायद्याने पण मोडतं म्हणे. ईईजी, म्हणजे डोक्याला तारा लावून काढतात तो मेंदूचा आलेख, नॉर्मल आला म्हणून मामा म्हणतात आजारच नाही.

मेंदूवैद्य

जीटीसीएस म्हणजे जनरलाइज्ड टॉनिक-क्लोनिक सीझर. सगळं शरीर आधी ताठ होतं, मग झटके. अपस्मार, मिरगी, फेफरं, एपिलेप्सी ही एकाच आजाराची नावं. आकडी म्हणजे नुसता झटका, तो लहान बाळाला तापातही येतो, आणि तापातली आकडी म्हणजे अपस्मार नव्हे. फिट नेहमी झटक्यांचीच असते असंही नाही. शाळेत एखादं मूल काही क्षण टक लावून बघत राहतं, हाक मारली तरी उत्तर नाही, बाई म्हणतात लक्ष नाही. ती 'ॲब्सेन्स' फिट असू शकते.

ईईजी नॉर्मल आला तरी अपस्मार असू शकतो. त्या अर्ध्या तासात मेंदू शांत होता एवढंच त्यातून कळतं. मामांना हे जरूर सांगा. उलट, झटके येतात पण मेंदूत विजेची गडबड नसते, असाही प्रकार आहे. कार्डावर 'डिसोसिएटिव्ह' किंवा 'फंक्शनल' सीझर लिहितात. ते नाटक नसतं, रुग्णाच्या हातात ते थांबवणं नसतं, आणि त्याला मानसोपचार लागतात.

फिट आली की कुशीवर वळवा, गळ्याभोवतीचं सैल करा, घड्याळ बघा. तोंडात चमचा नको, पाणी नको. चप्पल, कांदा हुंगवून काही होत नाही. ५ मिनिटांत थांबली नाही तर दवाखाना. बहिणीच्या गोळ्यांत व्हॅल्प्रोएट आहे का ते लग्नाआधी, निदान गरोदरपणाआधी डॉक्टरांना विचारा. बाळाला त्याचा धोका असतो, गोळी बदलता येते. स्वतःहून बंद मात्र करू नका.

निशिगंध

कायद्याचं मी सांगते. हिंदू विवाह कायद्यात अपस्माराचा उल्लेख होता हे खरं, पण १९९९ च्या दुरुस्तीने तो काढून टाकला. नुसती फिट येते म्हणून लग्न रद्द होत नाही. आईंना एवढं नक्की सांगा. लपवू नका म्हणते त्याला माझ्याकडे रोजचं कारण आहे. सासरी कळू नये म्हणून मुली गोळ्या लपून घेतात, मग चुकवतात, मग स्वयंपाक करताना फिट येते आणि भाजलेल्या अवस्थेत आमच्याकडे येतात. पुण्यात 'संवेदना' हा अपस्मार असलेल्यांचा गट आहे, त्यांनी अशा मुलामुलींच्या लग्नासाठीही काम केलंय. तिथे आईंना घेऊन जा.

शुभंकर_पुणे

कागदपत्रांचं राहिलं. विम्याच्या आणि रुग्णालयाच्या कागदावर निदानाबरोबर एक कोड असतो. 'एफ'ने सुरू झाला तर मानसिक आजारांचं प्रकरण, 'जी'ने झाला तर मज्जासंस्थेचं. एफ २० स्किझोफ्रेनिया, एफ ३२ नैराश्य, जी २० पार्किन्सन म्हणजे आपला कंपवात, जी ४० अपस्मार. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा, लागू झाला २९ मे २०१८ ला. त्याच्या कलम २१ नुसार विमा कंपनीने मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरलं पाहिजे. एफ कोड बघून कोणी क्लेम परत पाठवला तर लेखी कारण मागा आणि हे कलम दाखवा.

दिव्यांग प्रमाणपत्र मानसिक आजारासाठीही मिळतं. तिथे नुसतं आजाराचं नाव चालत नाही. स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं-समजणं आणि काम, या चार गोष्टी आणि आजार किती काळ आहे, यावर टक्के ठरतात. ४० टक्क्यांपासून बहुतेक सवलती मिळतात. भावाच्या वेळी आईने मंडळापुढे "सगळं करतो हो तो" असं कौतुकाने सांगितलं. मी मध्ये पडून सांगितलं की आंघोळीलासुद्धा रोज आठवण करावी लागते, गोळी हातात द्यावी लागते. जे खरं आहे ते सगळं सांगा.

कोकणकन्या_रत्नागिरी

डॉक्टर, ताई, दोघांचे आभार. गोळीचं नाव बघितलं, व्हॅल्प्रोएटच आहे. सोमवारी डॉक्टरांकडे जातोय. आईला धागा वाचायला दिलाय. एक विचारायचं होतं, बहीण आजकाल फार गप्प असते, रात्री झोपत नाही. गावात मानसोपचारतज्ज्ञ नाहीत. फोनवर कोणी बोलेल का, आणि मराठीत?

निशिगंध

हो. टेली-मानस, नंबर १४४१६. सरकारी सेवा आहे, फोनला पैसे नाहीत, चोवीस तास चालू असते आणि मराठी निवडता येतं. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, तिथे बाह्यरुग्ण विभागात दाखवता येईल. तिथे जाणं म्हणजे भरती होणं नव्हे, हे आईंना आधी सांगून ठेवा. फिटच्या काही गोळ्यांनीही मन उदास होतं, तेव्हा सोमवारी डॉक्टरांना झोपेचं आणि गप्प राहण्याचंही सांगा. आणि आजच रात्री तिच्याजवळ बसून विचारा, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का. विचारल्याने तो विचार डोक्यात जात नाही. हो म्हणाली तर सोमवारची वाट बघू नका. तिला एकटी सोडू नका, लगेच जवळच्या सरकारी रुग्णालयात घेऊन जा आणि मला व्यनि, म्हणजे खासगी निरोप, करा.